एकोणीस घरांचा आराम

आमच्या घराण्यात दोघांना साप चावला, एकाला बैलाने उडवलं आणि एक काका विहिरीत पडून आपले आपण वर आले. पण डॉक्टरने 'आराम करा' असं सांगितलेला माणूस मी पहिलाच.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचा मळा वाशिमच्या शिवेला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. वडिलांच्या काळी माल बैलगाडीने बाजारात जायचा. बैलांना वेळ कळत नसे, गिऱ्हाइकांना कळत नसे, त्यामुळे कुणालाच कधी उशीर झाला नाही. मग अकोल्याची मोटर सुरू झाली. सकाळी सहाला सुटणारी! टपावर टोपल्या टाकल्या की दुपारच्या आत आमची वांगी अकोल्यात. मी तेव्हा तिशीचा, अंगात सुधारणा फार. गजराचं घड्याळ आणलं आणि घरादाराला त्याच्या काट्याला जुंपलं.

दोन वर्षांत माझी चाल बदलली. मी उभ्याने जेवू लागलो. बैलांना 'लवकर चला, उशीर होतोय' असं शुद्ध भाषेत सांगू लागलो. सत्यनारायणाच्या कथेत पोथी वाचणाऱ्या महाराजांना मी मध्येच म्हणालो, "हं, पुढचं पान घ्या!" (प्रसाद मिळाला, पण महाराजांनी तो लांबून टाकला.) आई म्हणायची, "याच्या आंगात मोटर शिरली, माय! बाहेरची देवी असती त लिंबू उतरवून टाकला असता. मोटरीले काय उतरवू?"

पुढेपुढे हसण्यासारखं राहिलं नाही. हात थरथरायला लागले, डावी पापणी आपली आपण उडायची. एका सकाळी टोपली बांधताना सुतळी तुटली आणि मी बांधावर बसून रडलो. सुतळीसाठी! बायकोने, सुभद्रेने, ते पाहिलं. त्याच दिवशी मला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "मज्जातंतूंवर ताण पडलाय. पंधरा दिवस पूर्ण आराम. घड्याळाकडे बघायचं नाही. बरं वाटलं तर मोटरीचा धंदा सांभाळून करा. नाही वाटलं तर सोडा तो. नाहीतर मोटर चालू राहील आणि तुम्ही बंद पडाल."

आता आराम कुठे करायचा? मळ्यावर मोटरीचा भोंगा ऐकू यायचा. सुभद्रा म्हणाली, "माह्या माहेरी चला, रिठदले. तिथं तुमाले कोनी 'उठा' म्हननार नाई."

तिचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं. रिठदला मला कुणीही 'उठा' म्हटलं नाही. सगळे 'बसा' म्हणाले आणि पुढे ताट आणून ठेवलं.

कारण आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. त्या साली वैशाख अधिक आला होता. धोंड्याचा महिना! एरवी या महिन्यात जावयाला बोलवायला माणूस पाठवावा लागतो. इथे जावई आपल्या पायाने, पंधरा दिवसांसाठी, अंथरुणाची वळकटी काखेत मारून हजर. आणि जावई काही एकट्या सासऱ्याचा नसतो, भावकीचा असतो. सुभद्रेच्या माहेरची भावकी एकोणीस घरं.

पहिल्याच सकाळी ओसरीवर गर्दी. "मंग आमच्या घरी कवा?" "आमच्या घरी अगुदर, आमी थोरले!" "थोरले असान, पन पुरन आमचं शिजून राह्यलं ना!"

मी सासऱ्यांना हळूच म्हटलं, "मामाजी, डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"मंग करा ना आराम!" सासरे प्रेमाने म्हणाले. "जेवाले काय मेहनत लागते?"

मी सुभद्रेकडे पाहिलं. ती मला आत घेऊन म्हणाली, "अजी, एका घरी गेले अन् एका घरी नाई गेले, त मले इथं जन्मभर तोंड दाखवता येनार नाई. आमच्या भावकीतल्या गंगूचा नवरा एका घरी जेवला नव्हता, तिले अजून टोचतात. तुमाले होत नसन त सांगा. मी आजच सांगून देतो सगळ्याइले."

तिचा आवाज 'सांगून देतो' ला जरा ओला झाला. एकीकडे माझे मज्जातंतू, दुसरीकडे तिचं माहेर. मी मर्दासारखा म्हणालो, "जेवतो."

दिवसाला दोन घरं. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, आंब्याचा रस, कुरड्या, आणि निघताना तबकात दिवा लावून तेहतीस अनारसे. वैशाखातलं ऊन! जेवणापेक्षा आग्रह जड. पाटावर बसलेला जावई यजमान थकल्याशिवाय उठत नसतो, आणि रिठदचे यजमान थकत नसत. दुपारच्या घरातून सुटेपर्यंत संध्याकाळच्या घरचं बोलावणं दारात उभं.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. (इथून पुढे जे झालं त्याला हे वाक्य जबाबदार आहे.)

खरं सांगायचं तर गजराचं घड्याळ मी धोतरात गुंडाळून सोबत आणलं होतं. बघण्यासाठी नव्हे, जवळ असावं म्हणून. माणसं देव्हाऱ्यातला टाक नेतात तसं. ते मी पिशवीत घालून प्रत्येक जेवणाला नेऊ लागलो. गजर अर्ध्या तासावर लावायचा. वाजला की म्हणायचं, "डॉक्टरांच्या औषधाची वेळ झाली," आणि उठायचं.

युक्ती चालली, पण कशी? एका घरी म्हातारबुवा म्हणाले, "अजून एक डाव वाजवा ना जी," आणि मला ते सात वेळा वाजवावं लागलं. दुसऱ्या घरी विचारलं, "औषध जेवनाच्या मंधात हाय, का जेवनानंतर? मंधात असन त घ्या अन् बसा." मी रात्री अंथरुणावर पडून उद्याच्या जेवणांचं वेळापत्रक मनात आखू लागलो. दहा घरं झाली तोवर दोन्ही पापण्या उडत होत्या.

अकरावं घर येसाबुढीचं. सासऱ्यांची दूरची चुलती, एकटी विधवा, गावाच्या कडेला, मोटरीच्या फाट्याशी एक खोली आणि निंबाचं झाड. ती आमंत्रण द्यायला आलीच नव्हती. सुभद्रेजवळ निरोप दिला होता, "जवा भूक लागन तवा ये म्हना त्याले."

मी आपला ठरल्या वेळी, पिशवीसकट गेलो. बुढीने निंबाखाली घोंगडं टाकलं आणि ताट ठेवलं. ज्वारीची भाकर, ताकाची कढी, कांदा. धोंडा एकच, नावापुरता, तोही लहान.

"बापू, पुरन जास्त नाई बावा. डाळच तेवढी होती."

"आजी, फार छान झालं," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

ती 'अजून घ्या' म्हणाली नाही. काही विचारलं नाही. बाजूला बसून सुपाने वारा घालत राहिली. निंबाची सावली, कढीचा आंबटपणा, सुपाचा तो फटफट वारा... दोन वर्षांत प्रथमच माझ्यापाशी कुणाला काही नको होतं. भाकरीचा घास हातात, आणि मी बसल्या जागी झोपलो.

आणि पिशवीत गजर झाला.

पुढचं मला आठवत नाही, गावाला आठवतं. मी ताडकन उठलो, ताट ओलांडलं, कढी लवंडली, आणि उष्ट्या हाताने फाट्याकडे धूम ठोकली. झोपेत मला एवढंच ठाऊक होतं की गजर झाला म्हणजे मोटर सुटणार!

पण गावाने काय पाहिलं? भरल्या ताटावरून उठून जावई पळतोय! याचा अर्थ जगात एकच. जावई रुसला.

"जवाईबापू, थांबा!" "अजी, काय चुकलं?" "बुढी काय बोलली त्याइले?" ओसऱ्या रिकाम्या झाल्या. पुढे मी, मागे सासरे, त्यांच्या मागे उरलेल्या आठ घरांची माणसं (ती जास्त जोरात, कारण त्यांचं पुरण तयार होतं). मला तो आरडाओरडा मोटर थांबवण्यासाठीच वाटला, म्हणून मी आणखी जोर केला.

आणि रिसोडकडून खरोखर मोटर आली! मोटरींची जी जात माझ्या टोपल्यांसाठी कधी पाव मिनिट थांबली नाही, तिचा ड्रायव्हर एवढा जमाव पाहून घाबरून थांबला. मी पायरीवर चढलो आणि वळून ओरडलो, "टोपल्या! टोपल्या द्या वर!"

"कायच्या टोपल्या?" कंडक्टर म्हणाला.

मी पाहिलं. हाताला कढी. समोर सासरे, डोक्यावरचं पागोटं हातात घेतलेले. "जवाईबापू, मानपानात काई कमी पडलं असन त माह्या तोंडात मारा. पन असे जाऊ नोका."

मी पायरीवरच उभा होतो. तेवढ्यात गर्दी सारून सुभद्रा पुढे आली. माझा उष्टा हात तिने भर गावात, वडिलांसमोर धरला. त्या काळी नवऱ्याचा हात कुणी असा धरत नसे.

"रुसले नाई ते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "थकले हायेत. सुतळी तुटली त रडतात. आता कोनाच्याच घरी जेवाले येनार नाईत. ज्याले मले टोचाचं असन त्यानं टोचा."

मागून धापा टाकत येसाबुढी आली.

"अरे, त मंग झोपू द्या ना त्याले!"

मी तिच्या निंबाखाली त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत झोपलो. घड्याळ तिने ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून टाकलं.

उरलेल्या आठ घरांचं काय? रिठदची भावकी ती! तिने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ओसरीवर आली.

"जेवन नाई त नाई. पन आमच्या घरी झोपाले कवा येता?"

मी आठही घरी झोपलो. नव्या गोधड्या, वाळ्याचं पाणी शिंपडलेली जमीन, माशी हाकायला एक माणूस. "थोरल्याच्या घरी दोन घंटे झोपले, आमच्या घरी दीडच?" म्हणून एका घरी मी मन राखायला अर्धा तास खोटं घोरलो. पण बाकीची झोप खरी होती. तशी झोप मला पुन्हा मिळालेली नाही. आणि सुभद्रेला कुणी टोचलं नाही. बायका उलट विचारत, "तुहा नवरा झोपते छान व! तू काय करतं त्याच्यासाठी?"

निघताना येसाबुढीने कणगीत हात घालून घड्याळ काढून दिलं. "हे घे तुही कोंबडी. आठ दिवस दान्यात ठेवली, अंडं काई देल्लं नाई."

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "वा! आता धंदा करा, पण रोज दुपारी एक तास असाच आराम चालू ठेवा."

तो मी आजतागायत पाळला आहे. रोज एकच्या ठोक्याला आडवा. त्यासाठी गजर लावलेला असतो, आणि एकला पडता यावं म्हणून सकाळपासून जी धावपळ करावी लागते, तिने माझी डावी पापणी पुन्हा उडायला लागली आहे.