तेवीस किलोमीटर

काँक्रीटच्या त्या प्लांटवर तिला सगळे ताई म्हणत, आणि म्हणताना दोन पावलं मागे सरकत. राग नाकावर आणि हात त्याच्याही पुढे. खाण चाळीस किलोमीटरवर आहे असं ठासून सांगणाऱ्या एका ड्रायव्हरला तिने स्टेपलर असा फेकून मारला होता, की भुवईला चार टाके पडले. तो टाके घालून आल्यावर ती त्याच्याच डंपरमध्ये चढून खाणीपर्यंत गेली. एकतीस निघाले. "आता बोल," ती म्हणाली.

वाळू, खडी, सिमेंट प्लांटच्या दारात येऊन पडेपर्यंत कितीला पडेल, हे आधीच काढून देणं हे तिचं काम. खाणीवरचा भाव कोणीही सांगेल, खरी मेख रस्त्यात असते. ती संगणकावर नकाशा उघडायची, खाणीवर एक खूण आणि प्लांटवर दुसरी टाकायची. मधलं अंतर शीटमध्ये लिहिलं, की टनामागचा वाहतूक खर्च आपोआप पुढच्या रकान्यात यायचा. पण नकाशावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक नवा रस्ता ती डंपरमध्ये बसून स्वतः बघून यायची. वीस वर्षांपूर्वी वजनकाट्यावर पावत्या फाडणारी ही बाई अशीच वरच्या मजल्यावरच्या टेबलापर्यंत पोचली होती. ताईचा आकडा चुकत नाही, असं मालकसुद्धा म्हणायचे. ते तिच्या डोक्यात गेलं होतं, खोटं कशाला बोला.

तिचा धाकटा भाऊ तिथेच डंपर चालवायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, अर्धा भरवून आणि अर्धा बडवून. एवढा मार खाऊनही तो तिच्यावर जीव टाकायचा. ताईच्या आकड्याची थट्टा केली म्हणून ड्रायव्हरांच्या खोलीत त्याने दोघांचे दात हलवले होते.

मग ते पुलाचं काम आलं. कामाचा दर त्याच दिवशी बारापर्यंत द्यायचा होता आणि नेहमीच्या खाणीने सकाळीच हात वर केले. दुसरी खाण शोधली, पण रस्ता बघून यायला वेळ नव्हता. तिने नकाशावर खूण टाकली. तेवीस किलोमीटर. नकाशा मोटारगाडीचा रस्ता दाखवत होता, अवजड वाहनांचा नव्हे. तो पर्याय बदलायचा घाईत राहून गेला. तेवीस लिहिले, काम मिळालं, मालकांनी चारचौघांत पाठ थोपटली. पाठ थोपटून घेतल्यावर रस्ता बघायला कोण जातं? तीही गेली नाही.

त्या तेवीस किलोमीटरच्या शेवटी, प्लांटच्या जरा अलीकडे, एका वस्तीची अरुंद गल्ली होती. दोन वर्षांपूर्वी तिथे एका डंपरने सहा वर्षांची मुलगी चिरडली होती. वस्तीने गल्लीच्या तोंडाशी 'ट्रक बंद'ची पाटी ठोकली आणि त्यानंतर आत शिरलेल्या दोन ड्रायव्हरांची हाडं मोडली. डंपरला वळसा घालूनच जावं लागायचं, आणि वळशाने चौतीस भरत. मालक मात्र शीट बघून डिझेल द्यायचे, मोजून तेवीस किलोमीटरचं. ड्रायव्हर तक्रार घेऊन गेले. "ताईचा आकडा आहे," एवढं बोलून मालकांनी त्यांना वाटेला लावलं.

सोमवारी भावाचा फोन आला. "ताई, नव्या खाणीचं अंतर एकदा बघतेस का? पोरं म्हणतायत..."

"पोरांना म्हणावं तोंड सांभाळा! मी मोजलंय!" तिने फोन आपटला. मोजलेलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी अकराला दुसऱ्या एका ड्रायव्हरचा फोन आला. तो घाबराघुबरा झाला होता. "ताई, तुमच्या भावाला गल्लीत धरलंय. जिवे मारतील त्याला."

प्लांटच्या फोरमनने जीप काढली. गल्लीत जीप थांबायच्या आत ताईने उडी टाकली. डंपरच्या काचेचा भुगा झाला होता, सीट रक्ताने भिजली होती. पुढे वीस-पंचवीस माणसं जमिनीवरच्या एकावर तुटून पडली होती. लाथा, दगड, सळया. ती घुसली. एकाचे केस धरून त्याला मागे ओढलं, दुसऱ्याच्या मनगटाचा लचका तोडला, तिसऱ्याच्या पोटात कोपर हाणलं. कानशिलावर दगड बसला, डोळ्यांत रक्त उतरलं, तरी ती थांबली नाही. भावाचा चेहरा ओळखू येत नव्हता. ती त्याच्यावर पालथी पडली.

"मुलीच्या बापाला पुढे येऊ द्या," कोणीतरी ओरडलं. हातात सळई घेऊन एक किडकिडीत माणूस समोर उभा राहिला.

"बाजूला हो. पाटी वाचता येत नाही याला?"

"येते. चूक माझी आहे. हा रस्ता मी कागदावर घातला."

"बघायला आली होतीस?"

"नाही."

सळई तिच्या दंडावर बसली आणि हाड कडकन मोडलं. त्याने पुन्हा उगारली, पण मारली नाही. तो तिथेच खाली बसला आणि हंबरडा फोडून रडू लागला. मग बाकीच्यांचे हातही थांबले.

भावाने एक डोळा उघडला. तोंडातून रक्ताची गुळणी आली. "ताई... मीटर बघ. गल्लीतून आलो. तेवीसच होतायत. सांग पोरांना... कोण म्हणतं तुझा आकडा चुकला."

डिझेल संपत आलं म्हणून हा गल्लीत शिरला नव्हता, तिचा आकडा खरा करायला शिरला होता.

"चुकला! चुकला रे माझा आकडा, गाढवा!" धड हाताने त्याची गचांडी धरून ती गदागदा हलवू लागली. "मी मोजलंच नव्हतं! ऐकतोयस ना?"

त्याने नाही, नाही अशी मान हलवली. तिचा शब्द तो पहिल्यांदाच मानत नव्हता. फोरमन जीप वळवून जवळ आणेपर्यंत त्याची मान हलायची थांबली होती, आणि ती मात्र अजून त्याला पटवून देत होती.