नळीला लावलेलं गंध

निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारीत खंडेनवमीला तागडीची पूजा व्हायची. दांडीला झेंडू, वजनांना गंध. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मला सांबऱ्याच्या विमानतळावर उतारू आणि त्यांचं सामान तोलायची नोकरी लागली, तेव्हा तिथंही पहिल्याच खंडेनवमीला मी तागडी पुजली. मग नजर विमानाकडं गेली. एवढं थोरलं आयुध, आणि बिनपूजेचं?

विमानाच्या नाकाखाली दोन बाजूंना दोन नळ्या होत्या. त्यांत वारा शिरतो आणि त्यावरून कप्तानाला वेग कळतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी त्या निवडल्या. अडाणीपणानं झालं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

नळीवर कापडी टोपी असायची. झाकल्या देवाची पूजा कशी करायची, म्हणून ती काढली. नळीच्या तोंडाला ओलं गंध लावलं आणि अक्षता पडू नयेत म्हणून अंगठ्यानं चांगल्या दाबल्या. दुसऱ्या नळीकडं वळणार तोच कुणाची तरी ट्रंक तोलायला आली. मागून मेस्त्री आला. एक टोपी निघालेली दिसली, राहिलेली त्यानं काढली. विमानाच्या नाकावर मी घातलेली झेंडूची माळ कप्तानानं हसत उतरवायला लावली. माझ्या अंगठ्याचं काम कुणालाच दिसलं नाही.

विमान उडालं आणि थोड्याच वेळात माघारी वळलं.

बिनतारी यंत्रावर कडोलीचे एक अण्णा बसायचे. ते म्हणाले, "दोन काटे दोन वेग सांगायलेत. एक म्हणतोय झकास चाललंय, दुसरा म्हणतोय आता पडतंय. कुठला खरा, कप्तानाला कळंना. खोट्यावर भरवसा ठेवून जोरात उतरला तर पट्टी संपून जोंधळ्यात जाणार."

माझ्या अंगठ्याला अजून गंध होतं. ते मी धोतराला पुसलं. बोलायच्या आधी पुसलं. विमानातली सगळी माणसं मीच तोललेली. तागडीवर चढताना एका म्हातारीनं माझा खांदा धरला होता. आणि माझ्या डोक्यात काय, तर नोकरी जाणार.

"अण्णा, एका नळीला गंध लागलंय."

"कुणी लावलं?"

"खंडेनवमी न्हाय का आज..."

"कुणी लावलं म्हणतोय मी!"

"मी."

शिव्या द्यायला त्यांना सवड नव्हती. "डावी का उजवी रं?"

"डावी."

अण्णांनी बटणाकडं हात नेला. पूजा समोर उभं राहून करतात. मी हातात तबक धरल्यासारखा उभा राहिलो, डोळे मिटले आणि गर्रकन उलटा फिरलो.

"थांबा अण्णा! माझी डावी. म्हणजे विमानाची उजवी!"

"मग डावीकडचा, कप्तानाच्या म्होरचा काटा खरा?"

"व्हय."

"नक्की?"

"परत एकदा फिरून बघू?"

"फिरू नगंस!" अण्णा ओरडले, आणि त्यांनी निरोप धाडला.

विमान टेकलं, धावलं, आणि पट्टीच्या टोकाला ओढलेल्या चुन्याच्या रेघेअलीकडं थांबलं. ती म्हातारी उतरली तेव्हा मी तागडीमागं उभा होतो.

कप्तानानं टाचणीनं नळी कोरली. त्याच्या तळहातावर तीन अक्षता पडल्या. त्या बघत तो मला म्हणाला, "तुम्ही लगेच सांगितलंत, म्हणून तक्रार करत नाही."

अण्णांनी माझ्या धोतरावरच्या डागाकडं बघितलं आणि मान फिरवली.

'लगेच नाही साहेब' असं तेव्हा म्हणायला हवं होतं. मी नुसती मान डोलावली. पुढच्या खंडेनवमीला मी तागडी पुजत असताना अण्णा येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढं धरला.

"घे. धोतर खराब हुतंय."