वेणीबाई आणि बंद दाराचा दिवा

बसच्या तिकीट कार्यालयात सर्व्हरची खोली ज्या बाई सांभाळत, त्यांना पाठीमागे सगळे वेणीबाई म्हणत. त्यांचे स्वतःचे केस कानापर्यंतच होते. वेण्या त्या केबलींच्या घालत. कपाटामागे एक जरी केबल लोंबताना दिसली, की यांचे हात शिवशिवायला लागत. मग निळ्या एकीकडे, काळ्या दुसरीकडे, मधोमध भांग, आणि वीतवीतभर अंतरावर प्लॅस्टिकची पट्टी अशी करकचून आवळलेली, की केबलीला तोंड असतं तर ती किंचाळलीच असती. घरीही तोच प्रकार. मोबाइलचा चार्जर भिंतीलगत इतका नीट बांधलेला, की नवरा बिचारा प्लगशेजारी ताटकळत उभा राहून फोनवर बोले. एकदा म्हणाला, "अगं, मलाही बांधून टाक एकदाचं, म्हणजे घर कसं आवरल्यासारखं दिसेल." बाईंनी ते मनावर घेतलं नाही, हे त्याचं नशीब.

मुख्य कार्यालयातून तपासणीला माणसं येणार होती. आदल्या दुपारी बाईंनी सर्व्हरच्या कपाटाचं मागचं दार उघडलं आणि बैठक मारून सगळ्या केबलींच्या नव्याने वेण्या घातल्या. तपासणीवाल्यांनी वाकून बघितलं, "वा, वा!" म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. मग संध्याकाळी तिकिटाच्या खिडक्या मिटल्यावर बाईंनी तोवर उघडं ठेवलेलं मागचं दार लावून कुलूप घातलं. त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाच्या खिडक्या बंद पडल्या. रांगेतले लोक आधी घड्याळाकडे बघत होते, मग एकमेकांकडे, आणि शेवटी खिडकीतल्या कारकुनाच्या सात पिढ्यांवर आले. वेणीबाई धावल्या. सर्व्हर चालू होता, पण त्याच्या शेजारची डिस्कची पेटी त्याला दिसतच नव्हती, आणि सगळी आरक्षणं तर तिच्यातच. "केबल," बाई म्हणाल्या. मागचं दार उघडलं, तर पेटीचा दिवा हिरवागार आणि खिडक्या सुरू! बाईंनी तरी सगळे प्लग दाबून पाहिले, दार लावलं, कपाळावरचा घाम पुसला आणि टेबलाशी येऊन टेकतात न टेकतात, तोच बाहेर पुन्हा आरडाओरडा.

दुपारपर्यंत हेच चाललं. बाई समोर असल्या की पेटी अगदी गुणाची, पाठ वळली की ये रे माझ्या मागल्या. त्यांनी केबल बदलली आणि नवी केबलही सवयीने वेणीत गुंफून आवळली. पॉवरचा प्लग बदलला. केबल दुसऱ्या पोर्टात, म्हणजे शेजारच्या खाचेत, लावून पाहिली. सगळं करून थकल्या.

शेवटी साहेब हॉलमध्ये आले. "कोणी हात लावला होता का तिथे?" या प्रश्नाची गंमत अशी, की उत्तर देताना माणसाला स्वतःचं सोडून बाकी सगळ्यांची नावं आठवतात. बाई वैतागल्या होत्या. बोलून गेल्या, "सकाळी मावशींनी खोली झाडली. झाडू लागला असेल केबलीला."

मावशी तिथे झाडलोट करायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाललेलं. साहेबांनी त्यांना हॉलमध्ये बोलावून चारचौघांत झापलं आणि तिथूनच ठेकेदाराला फोन लावला, उद्यापासून दुसरी बाई पाठवा म्हणून. मावशी एरवी कोणाच्या बापाला ऐकणाऱ्या नव्हत्या. पण त्या डब्यांत काय असतं हेच ठाऊक नाही, तर झाडू लागला नाही हे छातीठोक कसं सांगणार? "लागला असेल बाबा," एवढंच त्या म्हणाल्या. मग पॅसेजमधून जाताना झाडू दोन्ही हातांनी छातीशी धरून, भिंतीपासून लांब चालू लागल्या.

ते बघताना वेणीबाईंच्या लक्षात आलं. मावशींचा झाडू फिरतो कपाटाच्या पुढच्या बाजूला. केबली मागे, मागच्या दाराला कुलूप, आणि किल्ली आपल्याच पर्समध्ये! हे बोलायच्या आधी का सुचलं नाही? कदाचित सुचलंही असेल, पण त्यावर जास्त विचार करायची त्यांची छाती झाली नाही.

त्या परत खोलीत गेल्या. मागचं दार जाळीचं होतं. या वेळी त्यांनी जाळीतून दिव्यावर नजर ठेवली आणि दार हळूहळू लोटलं. बोटभर फट होती तोवर हिरवा. फट मिटली, दिवा गेला. उघडलं, आला. लावलं, गेला. पूर्वीच्या सैल केबली दार लागलं की मुकाट्याने बाजूला सरकत. ही आवळलेली वेणी दांडक्यासारखी ताठ, सरकणार कुठे? दार तिला दाबत होतं आणि ती प्लगला तिरकं करत होती. बाईंनी कात्री घेतली आणि एकेक पट्टी कापली. केबली मोकळ्या झाल्या, दार लागलं, दिवा हिरवाच राहिला.

त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"काय निघालं?"

"केबल दाबली जात होती."

"म्हणजे झाडूच की!"

"झाडू नाही, साहेब. मी बांधली होती ती तशी."

"असू द्या हो मॅडम, तांत्रिक बिघाड म्हणू. ठेकेदाराला आता परत काय सांगायचं? हसं होईल."

"माझं होऊ द्या. फोन तुम्ही करता, की मी करू?"

साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण फोन केला.

मावशी मागच्या नळावर बादली विसळत होत्या. बाई जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, चूक माझी होती. तुमचा झाडू नव्हता लागला. उद्या तुम्हीच या." आता मावशी 'जाऊ दे पोरी' म्हणतील आणि आपण सुटू, असं त्यांना वाटलं होतं.

मावशींनी नळ बंद केला.

"माझं नाव कुठे घेतलंस तू?"

"हॉलमध्ये."

"कोणासमोर?"

"सगळ्यांच्या."

"मग मला इथे नळावर काय सांगतेस?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या वळल्या आणि हॉलकडे चालू लागल्या. मावशींनी पदराला हात पुसले आणि ऐकायला त्यांच्या मागोमाग निघाल्या.