हंसिणीचं न बोललेलं वाक्य

सिनेमाच्या दुपारच्या खेळाला ताई माझ्या शेजारी बसून पुटपुटत होती. लहानपणी आम्ही कॅसेट झिजेपर्यंत पाहिलेला हंसांचा कार्टूनपट आता खऱ्याखुऱ्या हंसांसह पुन्हा आला होता, आणि पात्रांच्या आधी संवाद म्हणायची तिची खोड अजून गेली नव्हती. उद्या ती मुलाकडे कायमची कॅनडाला जाणार म्हणून आम्ही आलो होतो.

"नुसती नक्कल असणार," मी म्हणालो होतो.

"आधी बघ तर," ती म्हणाली होती.

मग निरोपाचा प्रसंग आला. जुन्या कार्टूनमधली हंसीण इथे पिल्लाशी किती बोलायची, तिच्या डोळ्यांतून वाटाण्याएवढे निळे थेंब गळायचे. ही बोललीच नाही. तळ्यावर वारा होता. पिल्लाच्या मानेवरचं विस्कटलेलं पीस तिने चोचीने सारखं केलं आणि ती वळली. चित्रातल्या पिसांना कधी वारा लागला नव्हता, की त्या हंसिणीचं वय वाढलं नव्हतं. हिला मात्र सगळं ठाऊक असावं, आमच्यासारखं.

ताईचं पाठ वाक्य ओठांवरच राहिलं. अंधारात तिचा हात आला, आणि शाळेच्या फाटकाशी करायची तशी तिने माझी कॉलर नीट केली.