काविळीची माळ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबांचे डोळे पिवळे झाले आणि लाखनीजवळच्या आमच्या गावात जो तो डॉक्टर झाला. ज्यांना आपल्या बैलाचं पोट फुगलेलं कळत नसे, ते बाबांची पापणी ओढून कावीळ किती चढली ते सांगू लागले. हळद बंद, तेल बंद. आलेला प्रत्येक जण आईच्या हातचा चहा पिऊन आणखी एखादा पदार्थ बंद करून जाई.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ही साधी कावीळ नाही, पित्तनळीत कॅन्सरची गाठ आहे आणि आता ऑपरेशनचा उपयोग नाही. पण आत्याचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीचा, विश्वास कारध्याच्या वैदूवर. त्याने काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून बांधले आणि ती माळ बाबांच्या गळ्यात घातली. माळ रोज वाढणार, आपोआप उतरली की कावीळ गेली, तोवर कोणी हात लावायचा नाही. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून दोरा लांबतो, एवढं साधं कोणाच्या डोक्यात शिरेना. माळ छातीवरून पोटावर आली तशी आत्या येईल त्याला ती कौतुकाने दाखवू लागली. भावाच्या अंगावर हाडं तेवढी उरली होती, ते तिला दिसत नव्हतं.

सगळे जण पिवळा रंग बघत होते. खाजेचं कोणी विचारलं नाही. तळहात, तळपाय, पाठ, सगळीकडे खाज. बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत, नखांनी रक्त काढत, आणि वरून त्या वाळक्या काड्या टोचत. जेवणाचं नाव काढलं तरी त्यांना मळमळे, झोप तर नव्हतीच. तरी भेटायला येणाऱ्यांना ते उठून बसलेले हवे असत. मला त्या माणसांचा अजूनही राग येतो.

एका दुपारी बाबा आईला म्हणाले, "पिवळा रायलो तं रायलो. मले झोपू दे."

आईने माळ काढून चुलीत घातली आणि ती ओल्या फडक्याने त्यांची पाठ पुसत बसली. बाबा दिवस मावळेपर्यंत झोपले.

पुढच्या महिन्यात ते गेले. तेरवीच्या पंगतीत तेलकट वडे खाता खाता आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माळ काढली म्हून माहा भाऊ गेला." पंगतीने माना डोलावल्या.

आई कोपऱ्यात बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "थे जाणारच होते. माळ काढली म्हून झोपले तरी."

आत्याने आणखी एक वडा मागितला.