साडूची सफारी

परवा मेहुणीनं साडूची जुनी सफारी धाडली. "ह्यांचं पोट सुटलं, आता होत न्हाई. दाजींना रानात घालायला होईल," असा निरोप होता. पिशवी उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी मनानं थेट हसनाबादला, सासुरवाडीत जाऊन बसलो.

धोंड्याचा महिना होता. आम्ही दोघं जावई शेजारीशेजारी पाटावर बसल्तो. साडू जालन्याला एका ऑफिसात शिपाई, मी शेतकरी. ताटातल्या धोंड्यांवर तूप वाढून झालं आणि सासूबाईंनी आहेर आणला. साडूच्या मांडीवर राखाडी सफारीचं कापड ठेवलं, माझ्या मांडीवर धोतरजोडी. मी त्या दिवशी मुद्दाम पँट घालून गेल्तो, तरी.

"तुम्हाला रानात हेच बराबर, जावईबापू," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. साडू कापडावरून बोटं फिरवून राह्यला होता. मी ताटातला धोंडा नुसता कुस्करत बसलो.

ते धोतर कधीच फाटलं. राग मात्र मी घडी घालून ठेवला.

काल बायको बाहेर गेल्यावर तीच राखाडी सफारी घातली आणि आरशासमोर उभा राहिलो. खांद्यात, कमरेत बराबर बसली. म्हणजे तेव्हा आमचं दोघांचं माप एकच होतं.