गास्पारची तलवार उशिरा पडली

गास्पार माझा पाठचा भाऊ. त्याचं नाव निघालं की अजून माझं तोंड कडू होतं.

पोर्तुगालातल्या लिश्बोआत आमच्या गल्लीच्या टोकाला वस्ताद वालेरियोंची तालीम होती, तिथे तो मोंतांत धरायचा. मोंतांत म्हणजे दोन्ही हातांनी पेलायची, हनुवटीपर्यंत येणारी तलवार. बोथट तलवारींनी खेळणारे दोघं चिडले की गास्पार ती त्यांच्या मधोमध आडवी घाली. ती पडली की कोळी असो वा सरदार, हात खाली करून मागे सरायचं. तिच्यावरून वार करणाऱ्याला शहरातल्या कुठल्याच तालमीत पाय ठेवता येत नसे. गास्पारचा हात असा, की भांडणाऱ्या माश्याही त्याने वेळेत सोडवल्या असत्या.

आपण स्वतः वस्ताद व्हायचं, एवढा एकच ध्यास त्याला होता. सांत आंतोनियोच्या सणाला भर चौकात, शहराच्या मुख्य वस्तादांसमोर त्याची परीक्षा ठरली. मी तिथेच कडेला तारली मासळी भाजत होते.

मोंतांत फिरवण्याचे हात त्याने देखणे केले. मग दुसऱ्यांचे डाव सोडवायचे होते. उतरला एका सरदाराचा पोरगा, दों लोपो, आणि त्याच्यासमोर इनासियो विणकर. इनासियोने त्याच्या छातीला लागोपाठ दोनदा टोक लावलं, तशी माणसं खो खो हसली. लोपो लालबुंद झाला. गास्पारने लगेच मोंतांत घातली. दगडावर खण्णकन वाजली ती, माझ्या डोळ्यांसमोर. इनासियोने रीतीप्रमाणे हात खाली घेतला आणि त्या मेल्या लोपोने तिच्यावरून त्याच्या डोळ्यात तलवार खुपसली.

"तलवार आधी पडली की वार आधी झाला?" मुख्य वस्तादांनी विचारलं.

वालेरियोंनी गास्पारला माझ्या शेगडीकडे बाजूला घेतलं आणि ते त्याच्या कानाशी लागले. "तालमीचं छप्पर लोपोच्या बापाचं आहे. तुझी वस्तादकीही त्याच्याच शब्दावर आहे, बाबा. नीट आठव."

इनासियो खाली विव्हळत होता. गास्पारने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोठ्याने म्हणाला, "माझीच तलवार उशिरा पडली."

तलवार उशिरा घालणाऱ्याला नापास करायचं की नाही? छे! मुख्य वस्तादांनी त्याच्या प्रामाणिकपणाची वाहवा केली आणि त्याला वस्ताद करून टाकलं. टाळ्याही वाजल्या. 

घरी आल्यावर म्हणतो, "ताई, खरं बोलून त्याचा डोळा परत आला असता का?"

"नसता आला. पण लोपो उद्या आणखी कुणाचा तरी डोळा फोडेल, तो तुझ्यामुळे. शी! ताटावरून ऊठ."

पुढे त्याने स्वतःची तालीम काढली. पोरं भरपूर आली. एका दुपारी त्याला भाकरी द्यायला गेले, ती आईची आण होती म्हणून. आत पिंपं घडवणारे दोघे कारागीर हमरीतुमरीवर आले होते. गास्पारने मोंतांत मधे घातली. दोघं थांबेनात.

"अरे, थांबा! पडलीय ती!" तो ओरडला.

"तुमची उशिराच पडते ना वस्ताद," त्यातला एकजण वार करता करताच म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत की चौकात. आम्ही कशाला थांबू?"

बाकीचे फिदीफिदी हसले. दोघं त्या तलवारीवरून एकमेकांना हाणत राहिले, आणि माझा भाऊ ती दोन्ही हातांनी धरून मधे उभा होता.